सौरडागांच्या आकड्यांवर एन्ट्रॉपी: स्पेक्ट्रम काढायच्या पद्धती ताडून कशा पाहाव्यात

सिग्नलचा पॉवर स्पेक्ट्रम काढायचा म्हटलं की बहुतेक जण सरळ एफएफटी (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म) लावतात, वर्ग करतात आणि आलेख काढून मोकळे होतात. नमुने हजारोंनी असतील तर त्यात फारसं बिघडत नाही. पण हातात चाळीस-पन्नासच आकडे असले आणि त्यातून जवळजवळची दोन आवर्तनं वेगळी काढायची असली, की एफएफटी तोकडी पडते. मग कुणीतरी ‘मॅक्झिमम एन्ट्रॉपी लावून बघ’ असं सुचवतं. शोधायला जावं तर बर्ग, यूल-वॉकर, शॅनन, क्रॉस एन्ट्रॉपी, रिलेटिव्ह एन्ट्रॉपी अशी नावांची रांग लागते. त्यात भर म्हणजे एकाच डेटावर प्रत्येकीचा आलेख वेगळा येतो.

या रांगेत पहिल्यांदाच उभ्या असलेल्यांसाठी हा लेख आहे. थोडं पायथन किंवा आर येत असेल, फूरिये रूपांतर म्हणजे काय हे ऐकून माहीत असेल आणि ऑटोकोरिलेशन हा शब्द परका नसेल, तर एवढ्या शिदोरीवर भागेल. उदाहरण सौरडागांच्या वार्षिक आकड्यांचं घेतलं आहे. हे आकडे फुकट मिळतात, त्यांचं आवर्तन साधारण ११ वर्षांचं आहे हे आधीच माहीत असतं, आणि या विषयातल्या बऱ्याच कल्पना याच आकड्यांवर तपासल्या गेल्या आहेत.

आधी कागदावर एक गणित

कॉम्प्युटर उघडण्याआधी हे करून बघा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा, एका सिग्नलबद्दल आपल्याला दोनच गोष्टी माहीत आहेत: त्याचं व्हेरियन्स १ आहे आणि लॅग १ चं, म्हणजे एक पाऊल मागच्या किमतीशी असलेलं, ऑटोकोरिलेशन ०.८ आहे. लॅग २, ३, ४ आणि पुढचं काहीच माहीत नाही. स्पेक्ट्रम म्हणजे सगळ्या लॅगच्या ऑटोकोरिलेशनचं फूरिये रूपांतर. त्यामुळे माहीत नसलेल्या लॅगचं काहीतरी ठरवल्याशिवाय स्पेक्ट्रम निघूच शकत नाही. प्रत्येक पद्धत ते ठरवते. काही उघडपणे, काही गुपचूप.

सर्वांत भाबडा मार्ग म्हणजे पुढचे सगळे लॅग शून्य धरणं. शेवटची पानं फाटली म्हणून गोष्ट तिथेच संपली असं म्हणण्यासारखं हे आहे. मग स्पेक्ट्रम होतो १ अधिक १.६ गुणिले कोसाइन. शून्य फ्रिक्वेन्सीला त्याची किंमत २.६ येते आणि दुसऱ्या टोकाला, म्हणजे दर नमुन्याला अर्धं आवर्तन या फ्रिक्वेन्सीला, उणे ०.६. पॉवर उणे कशी असेल? म्हणून जुन्या पद्धतीत त्यावर त्रिकोणी विंडो लावतात. लॅग १ ला अर्धं वजन दिलं की स्पेक्ट्रम १ अधिक ०.८ कोसाइन होतो, म्हणजे वर १.८ आणि खाली ०.२. उणे आकडा गेला खरा, पण लॅग १ चं ऑटोकोरिलेशन ०.८ वरून ०.४ वर आलं. जे एकमेव माहीत होतं, तेच आपण बिघडवून ठेवलं.

एन्ट्रॉपीवाल्यांचं म्हणणं असं: माहीत असलेल्या लॅगना हात लावू नका, आणि माहीत नसलेल्यांबद्दल कमीत कमी गृहीत धरा. कमीत कमी म्हणजे किती, हे एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चिततेचं माप, मोजून ठरवा. ई. टी. जेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच. अडचण एवढीच, की स्पेक्ट्रमची एन्ट्रॉपी दोन तऱ्हांनी लिहिता येते.

पहिली बर्ग यांची. स्पेक्ट्रमचा लॉगरिदम घ्यायचा आणि सगळ्या फ्रिक्वेन्सींवर त्याची बेरीज (खरं तर इंटिग्रल) करायची. गाउसियन प्रक्रियेचा एन्ट्रॉपी दर काढला तर त्यात नेमका हाच इंटिग्रल येतो. तो जास्तीत जास्त केला की आपल्या उदाहरणात पहिल्या ऑर्डरचं ऑटोरिग्रेशन मिळतं: आजची किंमत म्हणजे कालच्या किमतीच्या ०.८ पट अधिक नवा गोंगाट. दुसरी शॅनन यांच्या सूत्रावरची. स्पेक्ट्रमला फ्रिक्वेन्सींवर पसरलेलं संभाव्यता वितरण मानायचं आणि त्याची नेहमीची एन्ट्रॉपी, म्हणजे उणे ‘स्पेक्ट्रम गुणिले त्याचा लॉग’, जास्तीत जास्त करायची. यातून स्पेक्ट्रमचा लॉग हा कोसाइनच्या मर्यादित बेरजेसारखा येतो. आपल्या उदाहरणात तर तो वर्तुळावरच्या सांख्यिकीत भेटणाऱ्या फॉन मिझेस वितरणाच्याच आकाराचा होतो.

| पद्धत | सर्वांत वर | सर्वांत खाली | गृहीत धरलेला लॅग २ |
|---|---|---|---|
| नुसती छाटणी | २.६ | −०.६ | ० |
| त्रिकोणी विंडो | १.८ | ०.२ | ० |
| बर्ग एन्ट्रॉपी | ९ | ०.११ | ०.६४ |
| शॅनन एन्ट्रॉपी | ४.०१ | ०.०१३ | ०.४४ |

या तक्त्यावर थोडं थांबा. माहिती तीच, लॅग १ चं मूल्य दोन्ही एन्ट्रॉपी पद्धतींनी काटेकोर पाळलेलं, तरी एकीचं शिखर दुसरीच्या सव्वादोन पट उंच. बर्गची शिखरं टोकदार येतात, शॅननच्या दऱ्या खोल जातात. एवढ्यावरून ‘बर्गचं रिझोल्युशन चांगलं’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण शेवटचा रकाना बघा: फरक खरं तर न पाहिलेल्या लॅग २ बद्दल कोणी काय धरलं याचा आहे. तेव्हा पद्धती ताडायच्या तर तिथेच ताडल्या पाहिजेत, शिखरांच्या देखणेपणावर नाही. नववी पायरी याचसाठी ठेवली आहे.

आणखी एक आकडा. स्पेक्ट्रमच्या लॉगची सरासरी काढून ई चा तेवढा घात केला, की एक पाऊल पुढच्या अंदाजातली चूक मिळते (कोल्मोगोरोव्ह यांचं सूत्र). बर्गसाठी ती ०.३६ येते, शॅननसाठी ०.२३ च्या जरा खाली. म्हणजे बर्गचं उत्तर भविष्याबद्दल जास्त अज्ञान कबूल करतं. काळानुसार बदलणाऱ्या सिग्नलसाठी मला हाच युक्तिवाद पटतो, म्हणून मी बर्गपासून सुरुवात करतो. शॅननचा प्रकार रेडिओ खगोलशास्त्रातल्या प्रतिमांच्या कामात, जिथे प्रश्न ‘प्रकाश आकाशात कुठे पसरलाय’ असा असतो, तिथे जास्त शोभतो.

पायरी १: आकडे आणा आणि आवृत्ती बघा

सौरडागांची अधिकृत मालिका ब्रुसेल्समधल्या बेल्जियमच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीतलं सिल्सो हे केंद्र सांभाळतं. वार्षिक आकडे १७०० पासूनचे आहेत, मासिक १७४९ पासूनचे आणि रोजचे १८१८ पासूनचे. मोजणीचं सूत्र झुरिकचे रुडोल्फ वोल्फ यांचं: डागांच्या गटांची संख्या गुणिले १०, त्यात सुट्या डागांची संख्या मिळवायची, आणि निरीक्षकागणिक बदलणाऱ्या एका गुणकानं गुणायचं.

इथे एक खड्डा आहे. जुलै २०१५ मध्ये या मालिकेची २.० आवृत्ती आली आणि तिच्यात ०.६ हा जुना गुणक काढून टाकला. त्यामुळे नवे आकडे जुन्यांच्या साधारण १.६७ पट दिसतात. स्टॅट्समॉडेल्स या पायथन लायब्ररीतला सौरडागांचा तयार डेटा (१७०० ते २००८, ३०९ आकडे) आणि आरमधला वार्षिक संच (१७०० ते १९८८) जुन्या मापातले आहेत. त्यांच्या शेपटीला आजचे आकडे जोडले की मालिकेत मध्येच एक पायरी तयार होते, आणि ती पायरी स्पेक्ट्रममध्ये कमी फ्रिक्वेन्सीची खोटी ताकद म्हणून उगवते. एकाच आवृत्तीचे आकडे वापरा. सरावाला स्टॅट्समॉडेल्सचे ३०९ पुरेत.

पायरी २: साफसफाई, पण बेतानं

सरासरी वजा करा. हे न केल्यास शून्य फ्रिक्वेन्सीवर डोंगर उभा राहतो आणि बर्गचे पहिले काही गुणांक तो डोंगर सांभाळण्यातच खर्ची पडतात.

सौरडागांचे मोठे आकडे जास्त हलतात, छोटे कमी. म्हणून आधी वर्गमूळ घेऊन मग सरासरी वजा करणं चांगलं. चक्र चढताना झपाट्यानं चढतं आणि उतरताना रेंगाळतं. या तिरकेपणामुळे ५.५ वर्षांच्या आसपास एक दुय्यम शिखर येऊ शकतं. तो ११ वर्षांच्या आवर्तनाचा दुसरा हार्मोनिक आहे, सूर्यावरची वेगळी घटना नव्हे.

स्मूदिंग मात्र करू नका. १३ महिन्यांची गुळगुळीत केलेली मालिका दिसायला छान असते, पण तिच्या वरच्या फ्रिक्वेन्सी दाबलेल्या असतात, आणि लॉग घेणारी बर्ग एन्ट्रॉपी अशा दाबलेल्या दऱ्यांबाबत फार हळवी आहे.

पायरी ३: एफएफटीची आधाररेषा काढून ठेवा

एन्ट्रॉपीकडे वळण्याआधी साधा पिरिओडोग्राम काढा. ही कल्पना आर्थर शुस्टर यांची, १८९८ ची. पुढे त्यांनी ती सौरडागांवरही लावली. पायथनच्या सायपाय लायब्ररीत पिरिओडोग्राम आणि वेल्च (तुकड्यांच्या पिरिओडोग्रामची सरासरी) ही दोन्ही फंक्शनं तयार आहेत.

३०९ वर्षांच्या डेटात फ्रिक्वेन्सीच्या खुंट्या ठरलेल्या असतात. ३०९ ला २७, २८, २९ नं भागा: ११.४, ११.०, १०.७ वर्षं. ११ च्या आसपासचं शिखर यांपैकी कुठल्यातरी खुंटीवर किंवा दोन-तीन खुंट्यांवर वाटलेलं दिसेल. शून्य भरून खुंट्या दाट करता येतात, पण रिझोल्युशन त्यानं वाढत नाही. आता फक्त ४४ वर्षांचा तुकडा घ्या. खुंट्या १४.७, ११ आणि ८.८ वर्षांवर जातात. एन्ट्रॉपी पद्धतींची खरी गरज या तुकड्यावर कळते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी ३०९ वर आणि ४४ वर, दोन्हींवर करा.

पायरी ४: ऑटोकोरिलेशन, आणि भागायचं कशानं

लॅग क चं ऑटोकोरिलेशन काढताना गुणाकारांच्या बेरजेला एकूण नमुन्यांच्या संख्येनं भागायचं की ‘एकूण उणे क’ नं? पुस्तकं दुसऱ्या पर्यायाला ‘निःपक्ष’ म्हणतात, त्यामुळे तो सज्जन वाटतो. आपल्या कामाला तो घातक आहे. त्यातून येणारी मालिका कोणत्याच खऱ्या स्पेक्ट्रमची नसेल अशी शक्यता उरते. मग यूल-वॉकरचं, म्हणजे ऑटोकोरिलेशनवरून काढलेलं ऑटोरिग्रेशनचं, मॉडेल अस्थिर होऊ शकतं, आणि शॅननचं गणित तर सुटतच नाही, कारण त्याला उत्तरच नसतं. एकूण संख्येनंच भागा.

स्टॅट्समॉडेल्सच्या यूल-वॉकर फंक्शनची मूळ निवड ‘ॲडजस्टेड’ आहे, म्हणजे ‘एकूण उणे क’ वाली. ती बदलून ‘एमएलई’ करा. आरचं एसीएफ फंक्शन मुळातच एकूण संख्येनं भागतं, तिथे काही करावं लागत नाही.

पायरी ५: बर्ग

जॉन पार्कर बर्ग भूकंपलहरींच्या, म्हणजे तेलशोधाच्या विश्लेषणातले. त्यांची दोन कामं नवखे लोक हमखास एक समजतात. १९६७ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या भूभौतिकी परिषदेत त्यांनी तत्त्व मांडलं: ऑटोकोरिलेशन दिलेलं आहे असं धरून एन्ट्रॉपी कमाल करा. १९६८ मध्ये त्यांनी दुसराच प्रश्न सोडवला: ऑटोकोरिलेशन दिलेलं नाही, फक्त आकडे आहेत, तर मॉडेल थेट आकड्यांतून कसं काढायचं? यूल-वॉकर आणि बर्ग अल्गोरिदम या दोन्हींच्या मागे एन्ट्रॉपी एकच आहे. फरक डेटातून माहिती उचलण्याच्या रीतीत आहे. यूल-वॉकर डेटाबाहेर शून्यं आहेत असं धरून चालतो, बर्ग डेटाबाहेर पाऊलच टाकत नाही. तुकडा छोटा असला की हा फरक चांगलाच जाणवतो.

अल्गोरिदम चार ओळींचा आहे. पुढे जाणारी चूक आणि मागे जाणारी चूक अशा दोन मालिका घ्या. सुरुवातीला दोन्ही म्हणजे मूळ डेटाच. प्रत्येक टप्प्यावर पुढच्या चुकीला एक पाऊल आधीच्या मागच्या चुकीनं गुणून बेरीज करा, ती दुप्पट करा आणि दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेनं भागा. हा झाला रिफ्लेक्शन गुणांक. त्यानं दोन्ही चुका नव्या करा, लेव्हिन्सन-डर्बिनच्या रीतीनं ऑटोरिग्रेशनचे गुणांक पुढे सरकवा, आणि चुकीच्या पॉवरला ‘१ उणे गुणांकाचा वर्ग’ नं गुणा. दुप्पट गुणाकार वर्गांच्या बेरजेपेक्षा मोठा होऊ शकत नाही, म्हणून रिफ्लेक्शन गुणांक १ च्या बाहेर जात नाही आणि मॉडेल स्थिर राहतं. एकदा हे स्वतः लिहून बघा, मग स्टॅट्समॉडेल्सच्या बर्ग फंक्शनशी उत्तर जुळवा. चिन्हं उलटी आली तर घाबरू नका. मॅटलॅबसारखी काही साधनं गुणांक समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन देतात, त्यामुळे प्रत्येकाचं चिन्ह बदललेलं असतं. पण हे न ओळखता स्पेक्ट्रमच्या सूत्रात घातलं तर शिखर भलतीकडेच जाईल.

स्पेक्ट्रम म्हणजे चुकीची पॉवर भागिले ‘१ उणे गुणांकांचं फूरिये रूपांतर’ याच्या मापाचा वर्ग. काढून झाला की त्याखालचं क्षेत्रफळ मोजा. ते डेटाच्या व्हेरियन्सइतकं आलंच पाहिजे. आलं नाही तर एकतर सूत्र चुकलंय किंवा फ्रिक्वेन्सीची जाळी विरळ आहे आणि टोकदार शिखर दोन खुंट्यांच्या मधून निसटलंय. मी ४०९६ खुंट्यांखाली जात नाही.

आता एक गंमत. उडनी यूल यांनी १९२७ मध्ये १७४९ ते १९२४ च्या सौरडागांवर दुसऱ्या ऑर्डरचं ऑटोरिग्रेशन बसवलं, गुणांक १.३४२५४ आणि −०.६५५०४. त्या समीकरणाच्या मुळांचा (यांनाच पोल म्हणतात) कोन काढला तर आवर्तन १०.६ वर्षांचं येतं. त्याच गुणांकांचा स्पेक्ट्रम काढून शिखर शोधलं तर ते ११.२५ वर्षांवर असतं! दोन्ही गणितं बरोबर आहेत. मुळं १ त्रिज्येच्या वर्तुळाच्या बरीच आत असली की पोलचा कोन आणि स्पेक्ट्रमचं शिखर एका जागी नसतात. दोन लेखांतली ‘आवर्तनं’ ताडताना कोणी काय मोजलंय हे आधी बघा, नाहीतर जवळजवळ आठ महिन्यांचा फरक पद्धतींच्या माथी मारला जाईल.

यूल यांच्या जोडीला नाव लागतं गिल्बर्ट वॉकर यांचं. ते १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मॉन्सूनच्या अंदाजासाठी जगभरच्या हवेच्या दाबाच्या मालिका त्यांनी पिंजून काढल्या. पुढे १९३१ मध्ये, भारत सोडल्यावर, डार्विन बंदराच्या दाबाच्या मालिकेवर त्यांनी यूल यांची कल्पना वाढवली. त्या काळी खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’चं नाव त्या स्थलांतराचंच.

पायरी ६: ऑर्डर किती?

ऑर्डर म्हणजे मॉडेलमध्ये मागच्या किती किमती घ्यायच्या. सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. ऑर्डर कमी ठेवली तर शिखरं एकमेकांत मिसळतात. वाढवली तर गोंगाटालाही शिखरं फुटतात.

अकाइके यांचा निकष (एआयसी) आणि रिसानेन यांचा एमडीएल (मिनिमम डिस्क्रिप्शन लेंग्थ) हे ऑर्डर निवडायचे दोन्ही निकष काढा. एमडीएल कडक आहे, तो कमी ऑर्डर देतो. सौरडागांच्या पूर्ण वार्षिक मालिकेवर एआयसी सहसा ९ च्या आसपास थांबतो. याउलट भूभौतिकीत वापरला जाणारा बेरीमन यांचा नियम आहे: नमुन्यांची दुप्पट, भागिले त्या दुपटीचा नैसर्गिक लॉग. ३०९ साठी तो ९६ देतो! नऊ आणि शहाण्णव यांच्यात कोण बरोबर? प्रश्नावर अवलंबून आहे. अंदाज बांधायचा असेल तर ९ कडे झुका. ११ वर्षांचं शिखर आतून एक आहे की दोन-तीन, हे बघायचं असेल तर वर जावं लागेल, पण मग प्रत्येक शिखराला ओळखपत्र मागावं लागेल. मी ऑर्डर ५ पासून वर नेत सगळे स्पेक्ट्रम एकाखाली एक काढतो. जे शिखर ऑर्डर बदलली तरी जागचं हलत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा. ४४ च्या तुकड्यावर मात्र नमुन्यांच्या एक तृतीयांशाच्या पलीकडे जाऊ नका.

पायरी ७: शॅनन एन्ट्रॉपीचा स्पेक्ट्रम

यासाठी तयार फंक्शन शोधत बसण्यापेक्षा वीस ओळी लिहिणं सोपं. स्पेक्ट्रमचा लॉग म्हणजे एक स्थिरांक अधिक कोसाइनची बेरीज, प्रत्येक कोसाइनला एक गुणांक. हे गुणांक असे निवडायचे की त्यातून मिळणारं ऑटोकोरिलेशन चौथ्या पायरीतल्याशी जुळेल.

एक फलन बनवा: स्पेक्ट्रमचं क्षेत्रफळ, उणे गुणांक आणि दिलेलं ऑटोकोरिलेशन यांच्या गुणाकारांची बेरीज (स्थिरांकाची जोडी लॅग ० शी, सगळ्यांना सारखंच वजन). हे फलन बहिर्वक्र आहे, त्यामुळे त्याला एकच तळ असतो, आणि तळाशी पोचलं की सगळे लॅग आपोआप जुळलेले असतात. स्थिरांकाची सुरुवात व्हेरियन्सच्या लॉगपासून करा, बाकी गुणांक शून्य. न्यूटनची रीत लावा. पाऊल टाकल्यावर फलन वाढलं तर पाऊल अर्धं करा. ही दक्षता घेतली नाही तर घातांक आकाशाला भिडतो आणि स्क्रीनवर ‘नॅन’ची (‘ही संख्याच नाही’ या खुणेची) रांग लागते. तपासायला वरचं ०.८ चं उदाहरण आहेच: शिखर ४.०१ आलं म्हणजे प्रोग्राम ठीक.

लॉग-स्पेक्ट्रमला मर्यादित कोसाइनमध्ये बसवायचं हे मॉडेल ब्लूमफिल्ड यांनी १९७३ मध्ये सांख्यिकीत स्वतंत्रपणे मांडलं होतं. आवाजावर काम करणाऱ्यांना ते सेप्स्ट्रम (लॉग-स्पेक्ट्रमचं फूरिये रूपांतर) म्हणून ओळखीचं वाटेल.

पायरी ८: आधीची माहिती असेल तर

स्पेक्ट्रमचा साधारण आकार आधीच ठाऊक असेल, तर ‘कमीत कमी गृहीत धरा’ याचा अर्थ बदलतो: त्या आकारापासून कमीत कमी हला. ही रिलेटिव्ह किंवा क्रॉस एन्ट्रॉपीची पद्धत. जॉन शोअर यांनी १९८१ मध्ये ती स्पेक्ट्रमसाठी मांडली. बर्गच्या वळणाची असेल तर नव्या स्पेक्ट्रमचा व्यस्त म्हणजे जुन्या स्पेक्ट्रमचा व्यस्त अधिक कोसाइनची बेरीज. शॅननच्या वळणाची असेल तर व्यस्ताच्या जागी लॉग. जुना स्पेक्ट्रम सपाट दिला की दोन्ही आपापल्या मूळ पद्धतीवर परत येतात, आणि प्रोग्राम तपासायला हे सोयीचं पडतं.

४४ वर्षांच्या तुकड्यासाठी त्याआधीच्या दोनशे वर्षांचा बर्ग स्पेक्ट्रम (ऑर्डर ९) देऊन बघा. फक्त तोच तुकडा दोन्हीकडे वापरू नका. स्वतःच स्वतःला साक्ष दिल्यासारखं होतं, आणि शिखर फुकटात धारदार होतं.

पायरी ९: आता ताडा

सगळ्यांना सारखेच लॅग, सारखीच जाळी, आणि क्षेत्रफळ व्हेरियन्सइतकं. उभा अक्ष लॉगमध्ये. नाहीतर बर्गच्या शिखराखाली बाकी सगळे आलेख जमिनीला चिकटलेले दिसतील.

शिखरांच्या उंच्या तुलनेत धरू नका. लॅकॉस यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं की बर्गच्या पद्धतीत उंची साधारण पॉवरच्या वर्गाच्या प्रमाणात जाते आणि शिखराखालचं क्षेत्रफळ पॉवरच्या प्रमाणात. दुप्पट ताकदीची लहर चौपट उंच दिसली तर तिला चौपट ताकदीची म्हणू नका. ९ ते १३ वर्षांच्या पट्ट्यातलं क्षेत्रफळ काढा आणि ते ताडा.

मग मुख्य परीक्षा. ४४ वर्षांच्या तुकड्यातून पहिले १२ लॅग घ्या आणि प्रत्येक पद्धतीचा स्पेक्ट्रम काढा. त्या स्पेक्ट्रमचं उलट फूरिये रूपांतर करून लॅग १३ ते ३० बाहेर काढा: ही त्या पद्धतीची न पाहिलेल्याबद्दलची पैज. आता पूर्ण ३०९ वर्षांच्या मालिकेचं ऑटोकोरिलेशन त्याच आलेखावर टाका. छाटणीची रेघ शून्यावर झोपलेली असेल. बर्गची मंदावत जाणाऱ्या लाटांची असेल. शॅननची कुठे पडते ते बघा, आणि मग तुकडा सरकवून पुन्हा करा: १७५० च्या आसपासचा, १८०० नंतरचा डाल्टन मिनिममचा शांत काळ, विसाव्या शतकाच्या मध्यातली मोठी चक्रं. एकाच तुकड्यावर जिंकलेली पद्धत कुठल्याच कामाची नसते. पूर्ण मालिकेचं ऑटोकोरिलेशनही काही देववाणी नाही. नुसत्या गोंगाटालासुद्धा त्यात अधिक-उणे ०.११ इतकी हालचाल असतेच, आणि आवर्तन असलेल्या मालिकेला त्याहून जास्त.

दुसरी परीक्षा खोट्या सिग्नलची. ११ नमुन्यांचं आवर्तन असलेली साइन लहर, थोडा गोंगाट, ४४ नमुने. सुरुवातीची फेज ० पासून ३६० अंशांपर्यंत फिरवत बर्गचं शिखर कुठे येतं ते नोंदवा. ते फेजप्रमाणे डावी-उजवीकडे सरकेल. चेन आणि स्टेगन यांनी १९७४ मध्ये हे दाखवलं. गोंगाट अगदी कमी आणि ऑर्डर जास्त असेल तर एकच शिखर दुभंगून दोन होतं. ‘११ वर्षांच्या आवर्तनाची दोन भावंडं सापडली’ असं जाहीर करण्याआधी ही चाचणी करून घ्या. उपाय म्हणून मार्पल यांची १९८० ची, पुढच्या-मागच्या चुका एकत्र कमी करणारी लीस्ट स्क्वेअर्सची रीत आहे. दुभंगणं तिच्यात थांबतं, पण मॉडेल स्थिर राहण्याची हमी जाते.

शंभर वर्षांच्या आवर्तनाचं काय?

हा प्रश्न येतोच, म्हणून वेगळा घेतो. सौरडागांच्या चक्रांची उंची ८० ते १०० वर्षांत कमी-जास्त होते असं म्हणतात. त्याला ग्लाइसबर्ग चक्र असं नाव आहे. ३०९ वर्षांत एफएफटीच्या खुंट्या १५४.५, १०३ आणि ७७ वर्षांवर असतात, म्हणजे नेमकं मधलं काही तिला सांगता येत नाही. बर्गला ऑर्डर ६०-७० दिली की तो इथे धारदार शिखर काढून देतो, आणि खाली छापता येईल असा दशांश चिन्हासकट आकडाही.

त्या आकड्याची परीक्षा घ्या. ऑर्डर दहा-दहानं बदला. पहिली तीस वर्षं गाळून बघा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची निरीक्षणं तशीही विरळ आहेत. वर्गमूळ घेऊन आणि न घेता दोन्ही करा. शिखर ८५ वरून १०५ वर सहज उडी मारत असेल, तर अहवालात ‘८० ते ११० वर्षांच्या पट्ट्यात ताकद दिसते, साडेतीनच आवर्तनं हाताशी असल्यानं नेमका काळ देता येत नाही’ एवढंच लिहा. सोबत मालिकेची आवृत्ती, वर्षं, ऑर्डर, ती कुठल्या निकषावर निवडली, आणि ऑटोकोरिलेशनला कशानं भागलं हे द्या, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचं शिखर स्वतःच्या मशीनवर काढून बघता येईल.